चार वाजून एकतीस मिनिटं

आधी मोबाइल माझ्याकडे द्या. जिथे आपण जातोय तिथे त्याचा उपयोग नाही, आणि तो हातात राहिला तर पाच मिनिटांत तुम्ही पुढे काय होतं ते शोधत बसाल. तेच तर मला नको आहे. आता वाशीत, सेक्टर दहाच्या या पत्र्याच्या कुंपणापाशी उभे राहा. आत क्रेन आहे, फलक आहे, फलकावर उंचच उंच टॉवरचं चकचकीत चित्र आहे. तिकडे लक्ष देऊ नका. दोन पत्र्यांच्या मध्ये बोटभर फट दिसतेय, तिला डोळा लावा.

आणखी एक. फटीच्या पलीकडे तुमचं वय तेरा आहे, त्यामुळे तिथे पाऊल टाकल्यावर अहो-जाहो बंद. शिवाय मुलगा की मुलगी हे ठरवल्याशिवाय मराठीत क्रियापद पुढे सरकत नाही, तेव्हा मुलगी. पुरुष वाचकांनी एवढं चालवून घ्यावं. आम्ही मुलींनी फास्टर फेणे होऊन वर्षानुवर्षं सायकल हाणलीच की.

चल, ये आत.

शनिवार, १६ जुलै २००५. पहाटेचे साडेतीन. चार मजली जुनी इमारत, दुसरा मजला, बाहेरची खोली. तू जागीच आहेस. स्लॅबच्या कोपऱ्यातून गळणाऱ्या पाण्याखाली आईने रात्री पातेलं ठेवलं होतं. आधी ते टण्‌ टण्‌ वाजायचं, आता अर्धं भरल्यामुळे डुबुक डुबुक वाजतंय. शेजारच्या कॉटवर आजी एका कुशीवर झोपलीय. आषाढी तोंडावर आलीय, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत ती टीव्हीवर पालख्या बघत होती.

उशीखाली हात घाल. पावती आहे ना? गुलाबी, चार घड्या पडलेली. त्यावर दुकानदारकाकांनी 'हॅरी पॉर्टर' असं लिहिलंय. तू त्यांना दुरुस्त करायला सांगितलंस तेव्हा ते म्हणाले, "बाळ, पुस्तक तेच मिळेल." किंमत नऊशेच्या घरात. त्यातले निम्मे बाबांचे, निम्मे तुझ्या डब्यातले. दोन भाऊबीजांची ओवाळणी त्यात गेलीय आणि गणपतीत मामाने दिलेली शंभराची नोटही. एवढ्या पैशांत तुझ्या शाळेची सगळी पाठ्यपुस्तकं आली असती, हे आईने एकदाच बोलून दाखवलं. एकदाच, पण शेजारच्या काकूंसमोर.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलीस की भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघ. सहाव्या पुस्तकाची तारीख जाहीर झाली ती २१ डिसेंबर २००४ ला. त्या दिवसापासून आजपर्यंत २०७ दिवस, आणि प्रत्येक दिवसाच्या चौकोनात तुझी लाल फुली. जानेवारी ते जून पानं उलटून बघ, एक चौकोन मोकळा नाही. आई वैतागून म्हणाली होती, "दूधवाल्याचे खाडे कुठे लिहू मी? तुझ्या हॅरीच्या कपाळावर?"

हे सुरू कसं झालं? अकरा वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून चौथं पुस्तक आणलंस, ६३६ पानांचं, मुखपृष्ठ नसलेलं, बांधणी उसवलेलं. चौथ्यापासून सुरुवात करणं म्हणजे मुंजीला न जाता थेट लग्नाच्या पंगतीत बसण्यासारखं. पण पहिली तीन बाहेर गेली होती आणि वहीत तुझ्या आधी सात नावं होती. ज्यांनी ते चौथं पुस्तक २००० सालच्या जुलैत ताजं ताजं वाचलं, ते पाचव्यासाठी जवळजवळ तीन वर्षं ताटकळले. तू उशिरा आलीस म्हणून तुला ते तीन वर्षांचं थांबणं चुकलं. पाचवं आलं २१ जून २००३ ला, ७६६ पानांचं. ते यायच्या आधी इंग्लंडात त्याच्या ७,६८० प्रती भरलेला ट्रकच कोणीतरी पळवला होता. ही बातमी बाबांनी पेपरात वाचून दाखवली तेव्हा तुझ्या मनात चोरांविषयी राग नव्हता, मत्सर होता. ते आता वाचत बसले असतील!

पण खरी नशा चढली ती त्यानंतरच्या दोन वर्षांत. पाचवं संपलंय, सहावं आलेलं नाही. वाचायला काही नाही, आणि तुम्ही पाचजणी रात्रंदिवस वाचताय. स्कूलबसच्या शेवटच्या बाकावर एक दोनशे पानी वही फिरते. तिचं नाव 'भाकीत'. तिच्यात सहाव्या पुस्तकात काय होणार त्याचे अंदाज, तारखेसह, सहीसह, पैज वडापावात. सहाव्याच्या नावात जो अर्ध्या रक्ताचा राजकुमार आहे, तो कोण? लेखिकेने आधीच सांगून टाकलंय की तो हॅरी नाही आणि व्होल्डेमॉर्टही नाही. मग नेव्हिल? तीन वडापाव. एखादा नवाच कोणी? दोन वडापाव. तू तर एका रविवारी मिनी सी-शोअरच्या कठड्यावर बसून अख्ख्या पुस्तकाचं कथानकच रचलंस. पंचवीस प्रकरणं, शेवटी युद्ध. आज मागे वळून बघताना, तुझं ते पुस्तकही वाईट नव्हतं. फक्त छापलं नाही कोणी.

बाबांनी हळूच दाराची कडी काढली. निघ. रेनकोट घे.

स्कूटर तिसऱ्या किकला सुरू होते. पाऊस पडून गेलाय, रस्ते काळे चकचकीत. पहाटेच्या वाशीला एक वास आहे तो घे. टीटीसीच्या कारखान्यांच्या बाजूने येणारा, थोडा गोडसर, थोडा घशाशी येणारा. दिवसा तो कुठे जातो कोणास ठाऊक. तुर्भ्याच्या मार्केटकडे कांद्याचे ट्रक निघालेत, ताडपत्रीवरून पाणी सांडत. शिवाजी चौकाजवळ पेपरवाली पोरं बंद दुकानाच्या ओट्यावर बसून पुरवण्या घालतायत. बाबा मान वळवून ओरडतात, "आणि कोर्टाने वाचायला बंदी केली तर गं?"

हा आठवडाभर चाललेला विनोद आहे, पण त्यामागची बातमी खरी. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका दुकानाने चुकून आठवडाभर आधीच चौदा-पंधरा प्रती विकल्या. प्रकाशक कोर्टात गेले, आणि कोर्टाने ज्यांनी पुस्तक विकत घेतलं त्यांना १६ जुलैपर्यंत ते वाचायचं नाही, त्याबद्दल कोणाशी बोलायचंही नाही, असा हुकूम दिला. स्वतःच्या पैशाने घेतलेलं पुस्तक स्वतःच्या घरात न वाचण्याचा हुकूम! तुला त्यात अन्याय वगैरे काही दिसलं नाही. तू एकच गोष्ट विचारलीस: त्यांनी खरंच वाचलं नसेल का हो, बाबा?

दुकान. शटर गुडघ्याइतकं वर, खालून ट्यूबलाइटचा पट्टा बाहेर पडलाय. बाहेर वीस-बावीस माणसं. निम्मी तुझ्या वयाची, निम्मी त्यांचे बाप, आणि दोघं-तिघं कॉलेजातले, जे धाकट्या भावासाठी आलोय असं सांगतात आणि भाऊ बरोबर नसतो. एका आईने थर्मासमध्ये चहा आणलाय. आत काउंटरवर चिकटपट्टी लावलेले खोके. ते वेळेआधी उघडायचे नाहीत असं लिहून दिल्याशिवाय जगात कुठल्याही दुकानाला ते मिळालेले नाहीत. लंडनमध्ये मध्यरात्र होऊन एक मिनिट झालं की आपल्याकडेही त्याच क्षणी विक्री. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे आपल्याकडे चार वाजून एकतीस मिनिटं. रेखावृत्तांचा धडा तुला परीक्षेपुरताही कळला नव्हता. आता तो हाडात भिनलाय.

कोणाच्या घड्याळात चार एकोणतीस, कोणाच्या चार तेहतीस. त्यावरून बापांमध्ये वाद. एकजण म्हणतो, माझं रेडिओवर लावलंय. दुकानदारकाका शांतपणे कटर हातात घेऊन उभे. "ज्याचं सगळ्यात मागे आहे, त्याच्या घड्याळाने," असा त्यांनी निवाडा दिला. दोन मिनिटं. २०७ दिवस तू काढलेस, पण ही दोन मिनिटं... बघ, बाबांचा शर्ट तू मुठीत धरलायस आणि तुला पत्ता नाही.

इथे जरा थांबूया, कारण मला हेच दाखवायचं होतं. या क्षणी त्या खोक्यात काय आहे हे तुला ठाऊक नाही. त्यात काहीही असू शकतं. नेव्हिल राजकुमार असू शकतो. तुझं पंचवीस प्रकरणांचं पुस्तकही असू शकतं. आणखी एका मिनिटाने त्यात एकच पुस्तक असेल, रोलिंगबाईंचं.

टरर्र. चिकटपट्टी फाटली.

पुस्तक हातात घे. जड आहे. ६०७ पानं. वास घे, सगळे घेतायत, लाजू नकोस. पहिलं वाक्य दुकानाबाहेरच्या दिव्याखाली वाचलंस, दुसरं परिच्छेदभर स्कूटरवर वाचायचा प्रयत्न केलास, आणि सेक्टर नऊच्या वळणावर बाबा म्हणाले, "पुस्तक रेनकोटच्या आत घाल. तू भिजलीस तर चालेल."

पुढचे दोन दिवस मी भरभर उलटते. वाचणाऱ्या माणसाकडे बघण्यात गंमत नसते. त्या चोवीस तासांत एकट्या अमेरिकेत ६९ लाख प्रती गेल्या. तुझ्या इमारतीत एक आली. रविवारी दुपारी फोन वाजला की आई उचलते आणि पलीकडच्या मैत्रिणीला आधी विचारते, "तुझं कुठवर आलंय?" तू मागे असशील तर तुला फोन द्यायचा नाही, असा तुमचा करार. आठवडा उलटायच्या आत स्टेशनबाहेर चोरटी प्रत आली, पांढरट पुसट छपाईची. पाचजणींतल्या एकीने ती घेतली, तर ऐन रंगात आल्यावर सोळा पानं दुसऱ्यांदा आली आणि पुढची सोळा नाहीतच. तिने ती पानं तुझ्याकडून वहीत हाताने उतरवून घेतली. आपण छापखाना शोधून पाचशे वर्षं मागे सोडलेलं काम ती पोरगी वाशीत बसून करत होती.

आणि हो, सहाव्या पुस्तकाच्या शेवटी एक माणूस जातो. कोण, ते मी लिहिणार नाही. वीस वर्षं झाली म्हणून काय झालं?

दिवस दहा पुढे. मंगळवार, २६ जुलै.

शाळा सुटली तेव्हा पाऊस होता, पण जुलैत पाऊस नसेल तर कधी असेल? तीनच्या सुमारास बाबांचा फोर्टमधल्या बँकेतून फोन आला: लवकर सोडतायत, निघतोय. मग लाइट गेले. मग फोन गेला. सहा वाजले, सात वाजले. पावसाचा आवाज पाऊस पडण्याचा राहिला नाही, कोणीतरी वरून खडी ओततंय असा झाला. हार्बर लाइन बंद आहे, ही बातमी तळमजल्यावरच्या कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरवरून जिना चढत आली. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा नंतरचा. त्या रात्री कोणाजवळ आकडा नव्हता. आपल्याकडे खाडीलगत पाणी साठवायचे धारण तलाव आहेत, भरती असली की त्यांची दारं बंद होतात, वगैरे समोरचे इंजिनियर काका जिन्यात समजावून सांगत होते. ऐकणाऱ्या बायकांपैकी दोघींचे नवरे पुलाच्या पलीकडे होते.

आई खिडकीत. आई गॅलरीत. आई पुन्हा खिडकीत. मेणबत्ती एकच, ती पातेल्याजवळ, कारण आज तीन ठिकाणी गळतंय. आजी कॉटवर मांडी घालून वाती वळतेय. हातांना काहीतरी हवं. मध्येच ती म्हणते, "अगं, ते तुझं पुस्तक. काय आहे त्यात इतकं? सांग बघू मला. मराठीत सांग."

"आजी, ते सहावं आहे. तुला कळणार नाही."

"मग पहिल्यापासून सांग. रात्र मोठी आहे."

आणि तू सांगायला लागतेस. एका मुलाचे आई-बाप एका दुष्ट जादूगाराने मारले. मुलगा वाचला, कपाळावर वण राहिला. त्याला मावशीकडे ठेवलं, आणि मावशीने त्याला जिन्याखालच्या कपाटात झोपवलं.

"जिन्याखाली? आपल्याकडे मीटर आहेत तिथे?" आजीचा हात थांबला. "सख्खी मावशी का?"

"सख्खी."

"माय मरो पण मावशी जगो म्हणतात, आणि ही बया पोराला कपाटात घालते? कसली मावशी ती!" आजीने वात अशी पिळली की तिचा दोरा झाला. हॅरी पॉटरवर जगभर जे काही लिहिलं गेलं असेल त्यात हा मुद्दा मला कुठे सापडलेला नाही. त्या मावशीचा, पेटुनियाबाईंचा, खरा गुन्हा काय, हे कळायला ती म्हण घरात लागते.

घुबड पत्र घेऊन येतं, इथे आजी अडली. घुबड घरात, तेही दिवसा? अपशकुन. मग म्हणाली, असू दे, लक्ष्मीचं वाहन मानतात कुठे कुठे. पण केरसुणीवर बसून आकाशात खेळतात म्हटल्यावर तिने कान धरले. "लक्ष्मी आहे ती! पाय लागला तर आपण नमस्कार करतो, आणि ही कार्टी तिच्यावर टांग टाकून बसतात?" तडजोड म्हणून खराटा ठरला. खराट्याला लक्ष्मीपण नाही, अंगणाचा असतो. तुझ्या हॉगवर्ट्सच्या जादूशाळेत त्या रात्रीपासून सगळे खराट्यावर उडतात.

"आणि त्या शाळेत एक दगड लपवलेला असतो. फिलॉसॉफर्स स्टोन. म्हणजे... तत्त्वज्ञाचा दगड."

"काय करतो तो दगड?"

"लोखंडाचं वगैरे सोनं करतो."

"अगं मग परीस म्हण की सरळ! तत्त्वज्ञाचा दगड काय? इतकी वर्षं शाळेत पैसे भरतोय आम्ही."

आई खिडकीतून मागे वळून हसली. त्या रात्री एकदाच.

सांगता सांगता तू आरशाच्या प्रकरणाशी आलीस. मध्यरात्र होऊन गेली असेल. शाळेच्या एका रिकाम्या खोलीत मोठा आरसा आहे. हॅरी त्याच्यासमोर उभा राहतो, तर आत त्याच्या मागे त्याचे आई-वडील उभे. तो मागे वळून बघतो, तिथे कोणी नाही.

तू थांबलीस.

"पुढे?"

"उद्या सांगते, आजी."

आजीने जरा वेळ तुझ्याकडे पाहिलं आणि वातींचा डबा बंद केला. "आमचा वेताळ पण असाच," ती म्हणाली. चांदोबा मराठीत यायला लागला १९५२ साली, तेव्हा आजी परकर-पोलक्यात होती. पुढे तिने तो आपल्या मुलांना वाचून दाखवला. दर महिन्याला विक्रमाने झाडावरून प्रेत उतरवायचं, खांद्यावर घ्यायचं, गोष्ट ऐकायची, उत्तर द्यायचं, आणि प्रेत पुन्हा झाडावर. शिवशंकरन यांनी काढलेलं ते चित्र तुम्ही पाहिलेलं असतं: उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं धूड, पायाशी कवट्या. धारावाहिकाच्या शेवटी 'क्रमशः' आलं की तुझे बाबा लहानपणी त्या शब्दावर चिडून बोटाने खोडायचे, असं आजीने सांगितलं. बाबांचा उल्लेख झाला आणि तिघी गप्प झालात.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात. सीएसटीहून चालत, चेंबूरला एका सोसायटीच्या जिन्यावर थोडं टेकून, मानखुर्दवरून, खाडीचा पूल ओलांडून. तीसेक किलोमीटर. हातात पार्ले-जीचा अर्धा पुडा. रस्त्यात कोणी अनोळखी बाईंनी दिला होता, आणि तो त्यांनी तुझ्यासाठी ठेवला होता. आईने गरम पाणी काढलं. आजीने दृष्ट काढली. रात्री जेवण झाल्यावर, बाबा भिंतीला पाठ लावून बसलेले असताना, ती तुला म्हणाली, "हं, आता सांग. काय दिसलं त्याला आरशात?"

तिथून पुढची दोन वर्षं घरात दोघीजणी वाट बघत होत्या. तू सातव्या पुस्तकाची, आणि आजी रोज रात्रीच्या साडेनऊची. तुला वाटायचं की तुझी वाट मोठी, जगभरच्या कोट्यवधी माणसांबरोबरची. आजीची अर्ध्या तासाची. पण आजीचं गणित वेगळं होतं. ती दिवसभर अंदाज बांधायची आणि भाजी निवडताना आईवर तपासून बघायची. 'तो काळ्या झग्याचा मास्तर वाईट नाही गं, तोंडाळ आहे फक्त.' मास्तर चांगला की वाईट यावर त्या वेळी अख्खं जग दोन तट पाडून भांडत होतं. तुमच्या 'भाकीत' वहीतही त्यावर एकूण अकरा वडापाव लागले होते. आजी वाशीत मेथी निवडत भांडत होती, आणि तीही चौथ्या पुस्तकाच्या आधाराने, कारण त्यापुढे तू तिला नेलंच नव्हतंस.

शनिवार, २१ जुलै २००७. आता तू पंधरा वर्षांची, दहावीत. आईने 'दहावी' हा शब्द उच्चारला की घरातला पंखासुद्धा हळू फिरतो. या वेळी रांग एका मॉलमध्ये, दोनशेच्या वर माणसं. काळ्या रेनकोटचे झगे झालेत, तारेचे गोल चष्मे झालेत, एकाने कपाळावरची वीज कुंकवाने काढलीय आणि ती घामाने नाकापर्यंत उतरलीय. किंमत ९७५ रुपये. चार दिवस आधीच कोणीतरी पानांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकलेत, त्यामुळे निम्मी रांग कानांत बोटं घालून उभी आहे. कोणी ओळखीचं भेटलं की पहिला शब्द 'काही बोलू नकोस'.

पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांना मात्र हॅरीत रस नाही, मुलीसाठी आलेत. ते बाबांना सांगतायत की नवी मुंबईच्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली, आता चार-पाच वर्षांत पनवेलजवळून विमान पकडायचं. बाबा हसतात. १९७३ साली खाडीवर पूल झाला आणि रेल्वे वाशीत आली ती १९९२ ला, हे त्यांना पाठ आहे. या गावात वाट बघणं हा नागरिकत्वाचाच भाग आहे. बाबा म्हणतात, "तुमच्या मुलीची सात पुस्तकं झाली. विमान येईपर्यंत तिच्या मुलीची होतील."

सातवंही बरोबर ६०७ पानांचं. यावेळी तू वेगळीच वागलीस. पहिली चारशे पानं गिळलीस आणि मग पाय ओढायला लागलीस. शेवटची तीन प्रकरणं उरली तेव्हा उठून आईला कुकर लावून दिलास. दोन उरली तेव्हा भूगोलाचे नकाशे भरलेस. रविवारी रात्री संपलं. मिटलंस, आणि स्वयंपाकघरात जाऊन कालनिर्णयासमोर उभी राहिलीस. हातात लाल पेन. फुली मारायला पुढे तारीखच नव्हती. त्या दिवशीच्या चौकोनात आईने लिहून ठेवलं होतं: दूध दीड लिटर.

आजी कॉटवर जागी होती. "संपलं?"

"संपलं."

"रडलीस?"

"थोडी."

आजीने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "एकच सांग. ती मावशी शेवटी तरी त्याच्याशी बरं वागली का?"

तू तोंड उघडलंस, आणि तिने हात वर केला. "नको. सांगू नकोस. आपण चौथ्यात आहोत."

यानंतर केव्हातरी एका पुस्तक प्रदर्शनात टेबलावर मराठी हॅरी दिसला. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसचा, बाळ ऊर्ध्वरेषे यांचा अनुवाद. तू प्रत उचललीस आणि मुखपृष्ठाकडे बघून मोठ्याने हसलीस, विक्रेता बघायला लागला. घरी येऊन आजीच्या हातात दिलीस. तिने चष्मा लावला, नाव वाचलं, 'हॅरी पॉटर आणि परीस', आणि पुस्तक तुझ्याकडे वळवून त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. एक अक्षर बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. मग पहिल्यापासून पुन्हा वाचायला बसली, स्वतःच्या डोळ्यांनी, आणि जिथे जिथे अनुवाद तुझ्या सांगण्यापेक्षा वेगळा होता तिथे तिथे तिला पुस्तकच चुकलंय असं वाटलं.

चला, फटीतून बाहेर या. सांभाळून, पत्रा कापतो. आता तुम्ही पुन्हा तुमच्या वयाचे आहात, आणि मी पुन्हा अहो-जाहो करते. दुकान गेलं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला. बाबांचा अंदाज फारसा चुकला नाही.

हा घ्या तुमचा मोबाइल. मात्र घरात कोणी अजून पाचव्या-सहाव्या पुस्तकात असेल, मग ते वय दहा असो की सत्तर, तर कोण जातं ते त्यांना सांगू नका. मावशीबद्दलही नाही.